गरोदरपणातला ताण बाळाच्या मेंदूत नेमके काय बदलतो?

तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला २९ वा आठवडा सुरू आहे. चौथ्या महिन्यात वडील तीन आठवडे अतिदक्षता विभागात होते आणि त्यातच ते गेले. नंतरचे दीड-दोन महिने तुमचे जेवणही धड झाले नाही आणि झोपही. आता सगळे थोडे सावरत असतानाच एका नातेवाइकाने पाठवलेल्या व्हिडिओत ‘आईच्या ताणामुळे बाळाच्या मेंदूतील सेरोटोनिन आणि डोपामिन कायमचे बिघडते’ असे तुम्ही ऐकले आणि तेव्हापासून पुन्हा रात्रीची झोप उडाली आहे. तुमचे तीन प्रश्न आहेत: बाळाचे नुकसान झाले असेल का, ते कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाच्या चाचणीतून कळेल का, आणि ‘रडू नकोस, बाळावर परिणाम होतो’ हे सासूबाईंचे म्हणणे खरे आहे का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझे बरेचसे काम प्रसूतिविभागातून पाठवलेल्या गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांसोबत चालते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. हजारो माता-मुलांचा एकत्रित अभ्यास केला तर गरोदरपणातील ताणाचा माग मुलांच्या मेंदूत दिसतो का, हा पहिला. त्याचे उत्तर ‘होय, पण लहान प्रमाणात’ असे आहे. तुमच्या पोटातल्या या एका बाळाचे काय झाले, हा दुसरा. त्याचे उत्तर आज कोणतीही तपासणी देऊ शकत नाही. तिसरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे आज तुमची स्वतःची अवस्था काय आहे. उपचाराच्या दृष्टीने हाताशी असलेला प्रश्न तोच आहे, म्हणून या उत्तराचा शेवटचा भाग त्यालाच दिला आहे. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला तुमच्या मजकुरातून कळत नाहीत: पूर्वी कधी नैराश्य किंवा चिंतेचा आजार होता का, रक्तदाब आणि साखर कशी आहे, बाळाची वाढ आठवड्यांच्या मानाने बरोबर आहे का, आणि घरात तुमचा भार उचलणारे कोण आहे. ही उत्तरे हातात असलेल्या तुमच्या डॉक्टरांचे मत माझ्या मतापेक्षा वरचे समजावे.

आधी यंत्रणा पाहू, कारण व्हिडिओंमध्ये ती एका वाक्यात उरकली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. ताणाचा प्रसंग आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यामुळे पियुषिका ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरे संप्रेरक सुटते आणि त्याच्या सूचनेने मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की तेच मेंदूतील ग्राहींवर, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनांवर, बसून ही साखळी थांबवते. गरोदरपणात मात्र वारही (प्लॅसेंटा) सीआरएच तयार करू लागते, आणि तिथे हिशेब उलटा असतो: कॉर्टिसॉल वाढले की वारेतील सीआरएच कमी न होता वाढते. त्यामुळे ज्या स्त्रीला काहीही ताण नाही तिचेही कॉर्टिसॉल शेवटच्या तिमाहीत एरवीच्या दुप्पट-तिप्पट असते. हा बिघाड नव्हे. बाळाची फुप्फुसे आणि इतर अवयव जन्मासाठी पक्व व्हायला दिवस भरत येताना हे संप्रेरक लागतेच.

आईचे हे वाढलेले कॉर्टिसॉल जसेच्या तसे बाळापर्यंत पोहोचत नाही. वारेत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचे एन्झाइम असते आणि ते बहुतेक कॉर्टिसॉलचे रूपांतर कॉर्टिसोन या निष्क्रिय पदार्थात करते. बाळाच्या रक्तातील पातळी आईच्या साधारण दहाव्या भागाइतकी राहते ती यामुळेच. तीव्र आणि दीर्घकाळचा ताण, जंतुसंसर्ग, आहारातील प्रथिनांची मोठी कमतरता अशा परिस्थितीत हे एन्झाइम मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आणि काही प्रमाणात माणसांतही दिसले आहे. आपल्या घरांतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे द्रव्य नेमके याच एन्झाइमला अडवते. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या मिठाया भरपूर खाल्ल्या जातात. तिथे गरोदरपणात ग्लिसरायझिनचे मोठे प्रमाण पोटात गेलेल्या मातांची मुले आठव्या वर्षी शब्दज्ञान, स्मृती आणि लक्ष यांच्या चाचण्यांत काहीशी मागे असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. खोकल्यासाठी एखाद्या दिवशी ज्येष्ठमधाची काडी चघळली असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण रोजच्या काढ्यात ते असेल तर बाळंतपण होईपर्यंत बंद करावे. याच्या उलट बाजूची एक गोष्टही सांगते. अकाली प्रसूतीची शक्यता असली की फुप्फुसांच्या पक्वतेसाठी बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली जातात. ही औषधे या एन्झाइमला फारशी जुमानत नाहीत, म्हणूनच ती बाळापर्यंत पोहोचतात. तशी वेळ आली आणि डॉक्टरांनी ती सांगितली, तर ‘स्टेरॉइड’ या शब्दाला भिऊन नकार देऊ नका. त्यांनी वाचलेली बाळे फार आहेत.

कॉर्टिसॉल हा एकच मार्गही नाही. ताणात गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहात फरक पडू शकतो, शरीरातील दाहाशी संबंधित प्रथिने वाढू शकतात, आणि झोप व आहार बिघडल्याने साखर आणि पोषण यांची गणिते बदलतात. सेरोटोनिनबद्दलही व्हिडिओत अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. गर्भाच्या मेंदूतील सुरुवातीचे सेरोटोनिन मनाच्या प्रसन्नतेसाठी नसते. चेतापेशींनी कुठे जायचे आणि कोणाशी जोडले जायचे हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. उंदरांत असे दिसले आहे की मेंदूची स्वतःची व्यवस्था तयार होण्यापूर्वी पुढच्या मेंदूला हे सेरोटोनिन वारेकडून मिळते, आणि वार ते आईच्या आहारातील ट्रिप्टोफॅन या प्रथिनघटकापासून बनवते. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा वारेकडे पाहण्याची आमच्या क्षेत्राची दृष्टी बदलली. म्हणजे आईच्या अवस्थेचा बाळाच्या मेंदूतील रसायनांशी संबंध खरा आहे. मात्र मेंदूतील रसायने म्हणजे आमटीतले मीठ नव्हे, की एकदा जास्त पडले म्हणजे सगळी आमटी खारट झाली. ती सतत बनतात, मोडतात आणि समायोजित होतात. गर्भावस्थेत ठरण्याचा संभव असतो तो त्या समायोजनाच्या पातळीचा, म्हणजे ताण आल्यावर शरीर किती जोराने प्रतिसाद देईल आणि किती लवकर शांत होईल याचा.

हे कसे कळले ते पाहिले की भीतीचे प्रमाणही जागेवर येते. फ्रान्समधील बोर्दो येथे १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत गाभण उंदरिणींना शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी ४५ मिनिटे, तीव्र प्रकाशात अरुंद नळीत कोंडले जाई. त्यांच्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती आणि ताणाचे नियंत्रण यांच्याशी संबंधित भागात, ताणाच्या संप्रेरकाचे ग्राही कमी आढळले आणि त्यामुळे मोठेपणी ताणानंतर त्यांचे शरीर शांत व्हायला अधिक वेळ घेत असे. ज्या उंदरिणींच्या अधिवृक्क ग्रंथी काढून संप्रेरकाची पातळी स्थिर ठेवली होती, त्यांच्या पिल्लांत मात्र हा परिणाम दिसला नाही. त्यावरून आईचे संप्रेरक हाच दुवा असल्याचे सिद्ध झाले. याच गटाचा १९९५ चा निष्कर्ष मात्र व्हिडिओंत कधी ऐकू येत नाही. ताण दिलेल्या आईची पिल्ले जन्मतःच दुसऱ्या उंदरिणीच्या कुशीत दिली, तेव्हा ताण-नियंत्रणातला हा दोष मोठेपणी नाहीसा झालेला दिसला. गर्भातला ठसा जन्मानंतरच्या संगोपनाने बदलू शकतो, असा त्याचा अर्थ. आणि दिवसातून तीनदा नळीत कोंडणे हा वडिलांच्या आजारपणातील काळजीचा प्रतिरूप नव्हे, हेही विसरू नये.

माणसांवर असा प्रयोग कोणी करणार नाही. म्हणून संशोधकांनी अशा घटना शोधल्या ज्यांत ताण कोणाच्या वाट्याला आला हे स्वभावाने किंवा आनुवंशिकतेने ठरलेले नव्हते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बर्फाळ पावसाने विजेचे मनोरे कोसळले आणि ३० लाखांच्या आसपास लोक कडाक्याच्या थंडीत, काही तासांपासून पाच आठवड्यांहून अधिक काळ विजेविना राहिले. मॉन्ट्रियलच्या सुझान किंग यांनी त्या काळात गरोदर असलेल्या स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: प्रत्यक्ष हाल किती झाले, म्हणजे वीज किती दिवस नव्हती, घर सोडावे लागले का, नुकसान किती झाले, आणि आईला मानसिक त्रास किती वाटला. मुलांच्या भाषेच्या आणि बुद्धीच्या चाचण्यांतील फरक प्रत्यक्ष हालअपेष्टांशी अधिक जुळला, आईच्या व्याकुळतेशी कमी. १३ व्या वर्षाच्या आसपास तपासलेल्या रक्तपेशींत जनुकांवरील मिथिल-खुणांचे, म्हणजे जनुक किती काम करेल हे ठरवण्यात वाटा असलेल्या रासायनिक खुणांचे, जे फरक आढळले, तेही प्रत्यक्ष हालांशीच जुळत होते. सासूबाईंच्या ‘रडू नकोस’ या सल्ल्याचा विचार करताना मला हा अभ्यास नेहमी आठवतो. अश्रूंपेक्षा उपास, जागरण, धावपळ आणि एकटेपणाने उचललेला भार यांकडे घरच्यांनी पाहायला हवे.

तुमच्या परिस्थितीशी सर्वांत जवळचा पुरावा स्कँडिनेव्हियातून येतो, कारण तिथल्या नोंदवह्यांमुळे गरोदरपणात जवळचा नातेवाईक गमावलेल्या स्त्रियांच्या मुलांचा अभ्यास लाखांच्या संख्येत करता येतो. डेन्मार्कच्या सुमारे १३.८ लाख जन्मांच्या २००८ मधील अभ्यासात, पहिल्या तिमाहीत आईने जवळचे माणूस गमावले असेल तर मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका सुमारे १.६७ पट आढळला. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत तसा संबंध दिसला नाही. तुमचा प्रसंग चौथ्या महिन्यातला आहे. शिवाय मूळ धोका शंभरात सुमारे एकाइतका असेल, तर १.६७ पट झाल्यावरही शंभरातील ९८ हून अधिक मुलांना तो आजार होत नाही. स्वीडनमधील २०१८ च्या अभ्यासाची रचना मला अधिक आवडते, कारण त्यात गरोदरपणात नातेवाईक गेलेल्या मातांची तुलना बाळ जन्मल्यावर लगेच नातेवाईक गेलेल्या मातांशी केली होती. दोन्ही घरांत दुःख तेच, फरक फक्त बाळ पोटात होते की बाहेर एवढाच. पोटात असलेल्या गटात पुढे लक्ष आणि अतिचंचलतेच्या आजारावरील औषधांचा वापर सुमारे २५ टक्क्यांनी आणि तरुणपणी चिंता व नैराश्यावरील औषधांचा वापर त्याहून कमी प्रमाणात वाढलेला होता. परिणाम आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण पंचवीस टक्क्यांनी वाढ म्हणजे शंभरातील पंचवीस मुले नव्हेत. शंभरात चार मुले औषध घेत असतील तर त्यांची पाच होणे म्हणजे पंचवीस टक्क्यांची वाढ.

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासातही हाच धडा मिळतो. गरोदरपणात सर्वाधिक चिंताग्रस्त असलेल्या १५ टक्के मातांच्या मुलांत भावनिक व वर्तनविषयक अडचणींचे प्रमाण सुमारे दुप्पट, म्हणजे सहा-सात टक्क्यांवरून बारा टक्क्यांच्या आसपास होते. बातमीत ‘दुप्पट’ छापले जाते. त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा, की सर्वाधिक चिंता असलेल्या गटातील शंभरपैकी ८८ मुलांना अशी अडचण नव्हती. आणि ताण म्हणजे सरसकट विष, असेही नाही. बाल्टिमोर येथील जॅनेट डीपिएट्रो यांनी निरोगी स्त्रियांच्या गटात सौम्य ते मध्यम अस्वस्थता मोजली, तेव्हा दोन वर्षांच्या वयाला त्या मातांची मुले हालचाल आणि आकलन यांत उलट थोडी पुढेच असल्याचे २००६ मध्ये दिसले. मात्रा, कालावधी आणि आईला मिळालेला आधार यांवर सगळे अवलंबून आहे. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात सापडलेल्या ३८ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात तर, आघातानंतरचा मानसिक आजार झालेल्या मातांच्या बाळांचे कॉर्टिसॉल वाढलेले नव्हे, कमी आढळले. त्यामुळे ‘ताण म्हणजे बाळाचे कॉर्टिसॉल जास्त’ हे समीकरणही टिकत नाही.

यात अजून एक मोठी गुंतागुंत आहे. चिंताळू स्वभावाची आई मुलाला केवळ गर्भाचे वातावरण देत नाही, जनुकेही देते, आणि जन्मानंतरचे घरही तेच असते. कार्डिफमधील संशोधकांनी २०१० मध्ये यावर एक सुरेख मार्ग काढला. प्रयोगशाळेतील गर्भधारणेने जन्मलेल्या मुलांपैकी काही दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून जन्मली होती, म्हणजे गर्भ वाढवणाऱ्या आईशी त्यांचे जनुकीय नाते नव्हते. कमी वजन आणि समाजविघातक वर्तन यांचा गरोदरपणातील ताणाशी संबंध दोन्ही प्रकारच्या जोड्यांत आढळला. लक्ष आणि अतिचंचलतेच्या अडचणींचा संबंध मात्र केवळ जनुकीय नाते असलेल्या जोड्यांत दिसला, आणि मुलांच्या चिंतेचा संबंध आईच्या सध्याच्या चिंतेने व नैराश्याने बराचसा स्पष्ट झाला. जे आपण सरसकट ‘पोटात असताना घडले’ म्हणतो, त्यातील काही वारशाने आलेले असते आणि काही नंतर घडत राहते. जे नंतर घडते ते अजून तुमच्या हातात आहे.

जन्मानंतरच्या काळाबद्दल माणसांतला पुरावा उंदरांइतका ठळक नाही, पण दिशा तीच आहे. लंडनमध्ये व्हिव्हेट ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी गर्भजलातील कॉर्टिसॉल मोजले आणि ती मुले साधारण दीड वर्षाची झाल्यावर त्यांचा विकास पाहिला. ज्या मुलांचे आईशी नाते अस्थिर होते त्यांच्यात गर्भातले जास्त कॉर्टिसॉल कमी आकलनाशी जोडलेले दिसले. ज्यांचे नाते सुरक्षित होते त्यांच्यात हा संबंध उरलाच नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील २००४ च्या प्रसिद्ध प्रयोगात उंदरीण पिल्लांना किती चाटते, यावरून त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील ताण-ग्राहीच्या जनुकावरील मिथिल-खुणा बदलत होत्या. इथे एक पथ्य पाळते: उंदराचे निष्कर्ष थेट बाळाला लावू नयेत, आणि ‘आता मी सतत बाळाला कवटाळून बसले पाहिजे’ असे नवे ओझेही कोणी डोक्यावर घेऊ नये. बाळाच्या रडण्याला बहुतेक वेळा वेळेवर प्रतिसाद मिळणे एवढे पुरते, आणि तो प्रतिसाद आईनेच दिला पाहिजे असेही नाही. वडील, आजी, मावशी यांचाही त्यात वाटा असतो.

आता कॉर्टिसॉलच्या चाचणीबद्दल. करू नका. एक तर गरोदरपणात ते मुळातच वाढलेले असते आणि दिवसभरात त्याची पातळी सकाळी जास्त, रात्री कमी अशी बदलत राहते. दुसरे, आई स्वतः सांगते तो ताण आणि तिच्या रक्तातील किंवा लाळेतील कॉर्टिसॉल यांचा मेळ बहुतेक अभ्यासांत जेमतेमच बसतो. आणि तिसरे, आज आलेल्या आकड्यावरून तीन महिन्यांपूर्वीचे काहीच कळत नाही. सेरोटोनिन किंवा डोपामिन ‘रक्तातून मोजून देतो’ असे सांगणाऱ्या जाहिरातींचेही तेच. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते. रक्तातील त्याचा आकडा मेंदूबद्दल काही सांगत नाही, बाळाच्या मेंदूबद्दल तर नाहीच. कुशिंग आजारासारखी (यात शरीरात कॉर्टिसॉल फार वाढते) वेगळी शंका डॉक्टरांना आली तर गोष्ट निराळी. ज्या तपासण्या खरोखर उपयोगी आहेत त्या साध्या आहेत: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि जीवनसत्त्व बी-१२. थायरॉइड किंवा रक्तक्षय असेल तर थकवा, निरुत्साह आणि चिडचिड ही त्याचीच लक्षणे असू शकतात. बी-१२ बद्दल आपल्याकडे विशेष सांगावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने जवळच्या सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात ६० टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांत ते कमी आढळले, आणि ज्यांच्यात ते फार कमी होते त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे होती. तुम्ही शाकाहारी असाल आणि मध्ये दोन महिने जेवण धड झाले नसेल, तर पुढच्या भेटीत ही तपासणी नक्की करून घ्या. कॉर्टिसॉलसाठी लागणारे पैसे इथे खर्च करा.

आता तुमच्याबद्दल. वडील गेल्यावर दोन महिने रडणे, अन्न नकोसे होणे, अपुरी झोप हा शोक आहे, आजार नव्हे. शोकात माणूस वडिलांच्या एखाद्या आठवणीने मध्येच हसू शकते, कोणी जवळ बसले की हलके होते, आणि दुःख लाटांसारखे येऊन ओसरते. नैराश्यात हे ओसरणे थांबते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा सतत भीतीच वाटणे, बाळ रात्री शांत असूनही आपली झोप न लागणे, आपण वाईट आई आहोत असे वाटत राहणे, ही चिन्हे असतील तर तो उपचाराचा विषय आहे. तुमच्या मजकुरातील झोप उडणे आणि दोषी वाटणे या दोन गोष्टींमुळे मला तुमचे मोजमाप व्हावेसे वाटते. एडिनबर्ग येथे १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली बाळंतपणानंतरसाठी बनवलेली असली तरी गरोदरपणातही वापरली जाते. ती पाच मिनिटांत होते.

हे मोजमाप आत्ताच का, याचे उत्तर गोव्यातील एका अभ्यासात आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते, आणि त्यांतील ७८ टक्क्यांना लक्षणीय मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे ही त्यातील कारणे ओळखीची आहेत. उपचारासाठी दर वेळी मोठे रुग्णालयच लागते असेही नाही. पाकिस्तानातील रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत, मानसशास्त्राचे शिक्षण नसलेल्या आरोग्यसेविकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून घरी जाऊन विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतीने मदत केली, तेव्हा सहा महिन्यांनी नैराश्य २३ टक्के मातांत राहिले. ज्यांना फक्त नेहमीच्या भेटी मिळाल्या त्यांच्यात ते ५३ टक्के होते. हीच पद्धत पुढे गोव्यात स्थानिक स्त्रियांनी, ‘सखी’ म्हणून, राबवली. फायदा तिथे अधिक मर्यादित होता, पण होता.

नैराश्य मध्यम किंवा तीव्र निघाले तर औषधाचा प्रश्न येतो आणि इथे घरोघरी एकच उत्तर असते: बाळ होईपर्यंत काही नको. हे उत्तर नेहमी बरोबर नसते. सर्ट्रलिनसारख्या नैराश्यावरील काही औषधांचा गरोदरपणात आणि स्तनपानात वापराचा अनुभव मोठा आहे, आणि उपचार न केलेल्या तीव्र नैराश्याचे धोकेही बाळापर्यंत पोहोचतातच. उलट अपस्मार आणि मनःस्थितीच्या काही आजारांत दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे या काळात टाळायचीच असतात. सौम्य त्रासाला मी समुपदेशनापासून सुरुवात करते. मात्र तुम्ही आधीपासून एखादे औषध घेत असाल तर ते स्वतःहून अचानक बंद करू नका, आणि झोपेची गोळी दुकानातून मागून घेऊ नका.

सासूबाईंचे म्हणणे काळजीपोटी आहे हे मला मान्य आहे, पण रडू दाबून ठेवल्याने बाळाचे संरक्षण होते असा पुरावा नाही. त्यांना एक काम सांगा: संध्याकाळचे जेवण आणि तुमची झोपेची वेळ त्यांनी सांभाळावी. गर्भसंस्काराच्या वर्गांबद्दल अनेकजणी विचारतात. तिथले श्वसन, हलका व्यायाम, गाणे ऐकणे, चार बरोबरीच्या बायकांत बसणे याने तुम्हाला बरे वाटत असेल तर जरूर जा. ‘आईच्या मनात आलेला प्रत्येक वाईट विचार बाळात उतरतो’ असे जिथे शिकवले जाते, तो वर्ग सोडा.

माहेरच्या बाळंतपणाचा निर्णयही तुमच्या बाबतीत नेहमीसारखा नाही, आणि तो पुढच्या महिन्या-दीड महिन्यात घ्यावा लागेल. पहिले बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज आईने लेकीला सांभाळावे म्हणून आहे. इथे तुमची आई स्वतः नुकतीच एकटी पडली आहे. काही घरांत नातवंडाच्या येण्याने दोघींनाही उभारी येते. काही घरांत मात्र लेकच आईला सावरत बसते आणि बाळंतिणीची झोप, खाणे मागे पडते. रात्रीचे बाळ कोण घेणार, स्वयंपाक कोण करणार, दवाखाना किती दूर आहे, तुमचे पती तिथे राहू शकतील का, हे चार प्रश्न आईसमोर बसून मोकळेपणाने बोला. उत्तरे डळमळीत असतील तर आईलाच काही आठवडे तुमच्याकडे बोलावणे हा चांगला मार्ग आहे.

पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना तीन वाक्ये सांगा: वडील कधी गेले, सध्या रात्री किती तास झोप होते, आणि बाळाबद्दलची भीती दिवसातून किती वेळ मनात असते. बाळाची वाढ आठवड्यांप्रमाणे आहे का ते विचारा आणि मानसिक आरोग्याची प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. त्याआधीच मन फार खचले, जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी पतीला सोबत घेऊन रुग्णालयात जा. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तरी तसेच, लगेच प्रसूतिविभागात जावे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ चे अहवाल हाती आले की इथे लिहा, मग झोपेचे काय करायचे ते अधिक नेमकेपणाने सांगता येईल.